चाक टिकतं कशावर?

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा. जाड टायर, चकचकीत फ्रेम, दांडीवर एकवीस गिअरचं स्टिकर. सायकल दिसायला एकदम पहाडी. पण मागचं चाक उचलून फिरवलं की ते डावी-उजवीकडे असं डोलतं, की जणू गणपतीच्या मिरवणुकीत नाचतंय. फर्स्ट इयरला घेतलेली सायकल सेकंड इयरला या अवस्थेला येते आणि मग प्रश्न पडतो, की नवीन चाक घ्यायचं तर कोणतं घ्यायचं? दुकानदार म्हणतो, 'डबल वॉल रिम टाका, काही होणार नाही.' सीनिअर म्हणतो, 'हब भारी घे.' रूम पार्टनर म्हणतो, 'सायकलच विक!'

मित्रांनो, या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. चाकाचं आयुष्य रिममध्ये नसतं, हबमध्येही नसतं. ते असतं त्या दोघांना बांधणाऱ्या तारांच्या ताणात, म्हणजे स्पोकच्या टेन्शनमध्ये. रिम आणि हब निवडायचे ते हा ताण पेलण्यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं, की दुकानात कोणी काही खपवू शकत नाही. ते का, हे आता बघू. मध्ये थोडं एस.ओ.एम. येईल, पण घाबरू नका, सबमिशन नाहीये.

हब टांगलेलं की टेकलेलं?

व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. तुमचं वजन हबवर येतं. हब रिमला जोडलंय दोन मिलिमीटर जाडीच्या तारांनी. तार ओढ सहन करते, दाबली की वाकते. मग खालच्या तारा वजन कसं पेलतात? बहुतेक जण सांगतात, 'सर, हब वरच्या तारांना टांगलेलं असतं.' ऐकायला पटतं. पण जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरने 'द बायसिकल व्हील' या १९८१ सालच्या पुस्तकात गणित करून दाखवलं, की चाकावर वजन आलं तरी वरच्या तारांचा ताण जवळपास होता तेवढाच राहतो. खरा बदल होतो तो जमिनीला टेकलेल्या भागातल्या तीन-चार तारांत. त्यांचा ताण कमी होतो.

सिव्हिलवाल्यांना हे लगेच कळेल. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट हेच करतं, फक्त उलट्या बाजूने. काँक्रीटला ओढ सोसत नाही म्हणून आधीच दाबून ठेवायचं. स्पोकला दाब सोसत नाही म्हणून आधीच ताणून ठेवायचं. मग वजन आलं की ताण थोडा कमी होतो, पण तार सैल पडत नाही. जोपर्यंत सैल पडत नाही, तोपर्यंत ती खांबासारखंच काम करते.

आता आकडे घालून बघू. तुम्ही, सायकल आणि दप्तर मिळून ९० किलो धरा. त्यातलं ५० किलोच्या आसपास मागच्या चाकावर येतं, म्हणजे ५०० न्यूटन. ते खालच्या चार तारांत वाटलं तर प्रत्येकीचा ताण साधारण १२५ न्यूटनने उतरतो. आता खड्डा आला आणि धक्का चौपट बसला असं समजा. ताण ५०० न्यूटनने उतरेल. चाक नीट बांधलेलं असेल, तारेत १००० न्यूटन असतील, तर ५०० शिल्लक राहिले. चाक म्हणतं, 'चला पुढे.' पण तारेत मुळात ४०० च असतील तर ती पूर्ण सैल पडणार. सैल पडली, की टोकाचा निपल सुटा होतो आणि हळूहळू स्वतःच फिरून उलगडतो. पुढच्या खड्ड्याला ताण आणखी कमी. असं करत करत चाक आऊट होतं. हा हिशोब ढोबळ आहे, पण चाक बिघडतं ते याच मार्गाने. डबलसीट बसलात तर मागच्या चाकाचा आकडा तुम्हीच काढा.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

दोन मिलिमीटर जाडीच्या तारेचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मि.मी. तिच्यावर १००० न्यूटन म्हणजे ३१८ मेगापास्कल स्ट्रेस. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कल आणि तारेची लांबी २६० मि.मी. धरली, तर तार ताणली जाते किती? फक्त ०.४१ मि.मी. आणि निपलच्या आट्यांची पिच आहे ०.४५ मि.मी.च्या आसपास. म्हणजे रिमचं दबणं बाजूला ठेवलं तर निपलच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी अंतरात तारेचा सगळा ताण सामावलेला असतो. म्हणूनच निपलची चावी एका वेळी पाव फेरा फिरवायची. 'अजून थोडं आवळू' म्हणून सरळ दोन फेरे देणाऱ्याच्या हातात चाक देऊ नका.

यातून आणखी एक गंमत निघते. सरळ चाक म्हणजे चांगलं चाक, असं आपण धरून चालतो. पण एक तार खूप घट्ट आणि शेजारची सैल ठेवूनसुद्धा रिम सरळ फिरवता येते. दुकानात चाक मस्त फिरतं, महिन्याभरात नाचायला लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सरळपणा डोळ्याला दिसतो, ताण दिसत नाही.

दिसत नसला तरी ऐकू येतो. नखाने तारा एकेक करून छेडा, तंबोरा जुळवतो तशा. तारेची फ्रिक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ताण २० टक्के कमी झाला की स्वर साधारण १० टक्क्यांनी उतरतो. कानाला तो फरक सहज कळतो. एकाच बाजूच्या तारांचा स्वर सारखा हवा. मागच्या चाकात मात्र डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करू नका. उजवीकडे गिअर असल्याने रिम मधोमध आणण्यासाठी उजव्या तारा जास्त ताणाव्या लागतात. डावीकडे साधारण ६० टक्केच ताण राहतो, म्हणून डावी बाजू थोडी खालच्या स्वरात वाजणारच.

तार तुटते ती दमून

'काल मोठ्या खड्ड्यात गेलो आणि स्पोक तुटला' असं आपण म्हणतो. खड्डा बिचारा फक्त निमित्त. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला ४८० च्या वर फेरे. रोज १० कि.मी., वर्षात २०० दिवस धरले तर साडेनऊ लाखांहून जास्त फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. मेकॅनिकलवाल्यांनो, हे कसलं टेस्टिंग आहे ते ओळखलंत ना? फटीग! म्हणूनच तार बहुधा मधे तुटत नाही. हबच्या भोकात जिथे ती काटकोनात वाकते, तिथे तुटते. वाकवताना धातूत राहिलेला जादा स्ट्रेस तिथेच बसलेला असतो.

चांगला कारागीर यावर साधा उपाय करतो. चाक बांधून झालं की समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा हाताने घट्ट एकत्र दाबतो आणि पूर्ण चाकाला तसं करतो. त्या क्षणी ताण वाढून वाकलेल्या जागेचा धातू किंचित बसतो आणि जादा स्ट्रेस निघून जातो. काम पाच मिनिटांचं, पण चाकाचं आयुष्य त्याने चांगलंच वाढतं. चाक बांधून घ्याल तेव्हा मामांना एवढं आवर्जून करायला सांगा.

स्पोक : जाड की बारीक?

जाड तार जास्त टिकते, हे उत्तर लिहिलंत तर मार्क गेले! मधल्या भागात १.८ मि.मी. आणि दोन्ही टोकांना २ मि.मी. अशा तारा मिळतात, त्यांना बटेड स्पोक म्हणतात. मधलं क्षेत्रफळ कमी असल्याने तेवढ्याच ताणाला त्या भागात तार सुमारे २३ टक्के जास्त ताणली जाते. जास्त ताणलेली तार रिम जरा दबली तरी लगेच सैल पडत नाही. शिवाय लवचीकपणा मधल्या भागात आल्याने वाकलेल्या टोकाचा त्रास कमी होतो. डीटी स्विस, सॅपिम अशा कंपन्या या तारा बनवतात. त्या परवडत नसतील तर सरळ २ मि.मी.ची स्टेनलेस स्टीलची तार घ्या, तीही उत्तम. गंजणाऱ्या साध्या तारा मात्र पावसाळी गावात नकोच. निपल पितळी घ्या. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल दिसतात छान, पण चिकटले की चावीखाली सोलून निघतात.

तारांची विणकाम-पद्धतही महत्त्वाची आहे. जेम्स स्टार्ली याने १८७४ साली तारा हबला स्पर्शरेषेत लावायची पद्धत आणली. तारा नुसत्या त्रिज्येत लावल्या तर हबला पीळ बसल्यावर तो रिमपर्यंत नीट पोचत नाही. आणि पीळ थोडा नसतो. ७० किलोचा माणूस १७० मि.मी.च्या क्रँकवर उभा राहिला की सुमारे ११७ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. पुढे २२ आणि मागे ३२ दात असलेल्या गिअरमध्ये हबवर तो १७० च्या घरात जातो. म्हणून माउंटन बाइकला प्रत्येक तार बाजूच्या तीन तारांना ओलांडून जाते अशी विणकाम-पद्धत घ्या. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या चाकालाही हेच हवं, कारण ब्रेकचा पीळही तारांमधूनच जातो.

रिम कशी निवडावी?

३२ तारा, प्रत्येकीत १००० न्यूटन. या सगळ्या मिळून रिमला आत ओढतात. तारांची संख्या गुणिले ताण भागिले दोन पाय, एवढा दाब रिमच्या प्रत्येक छेदावर येतो. उत्तर येतं ५०९० न्यूटनच्या जवळपास, म्हणजे सुमारे ५२० किलो! सायकलवर कोणी बसलेलंही नसताना.

आता डबल वॉलचा अर्थ लागेल. एकेरी भिंतीची रिम म्हणजे नुसती पन्हळ. तिला एवढा दाब नीट सोसत नाही, म्हणून बांधणारा तारा सैलच ठेवतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं रामायण घडतं. दुहेरी भिंतीची रिम ही बंद पेटी असते, त्यामुळे ती वाकायला आणि पिळायला कितीतरी जास्त विरोध करते. तेव्हा दुकानदार खोटं बोलत नव्हता, त्याने अर्धं सांगितलं. डबल वॉल रिम जास्त ताण घेऊ शकते. पण तो ताण कोणीतरी द्यावा लागतो. सैल बांधलेली डबल वॉल रिमही आऊट होतेच.

भोकांभोवती धातूच्या रिंगा, म्हणजे आयलेट, असतील तर निपल सहज फिरतो. जुन्या रिममध्ये भोकांभोवती केसासारख्या भेगा दिसतात का तेही बघा. दिसल्या तर ती रिम संपली. आवळून उपयोग नाही.

लोखंडी क्रोम रिम मजबूत असते ना? असते, पण ओल्या क्रोमवर ब्रेकचे रबर जवळपास पकडतच नाहीत. सिंहगडावरून भर पावसात उतरताना हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. रबरी ब्रेक वापरणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचीच रिम घ्यावी आणि ती झिजणारी वस्तू आहे हे ध्यानात ठेवावं. चिखलातली रेती रबराला चिकटते आणि प्रत्येक ब्रेकला रिमची भिंत पॉलिश पेपरसारखी घासते. भिंतीवर पट्टी आडवी धरून बघा. मध्ये खोलगट फट दिसली तर रिम बदला. पातळ झालेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फुटू शकते, आणि ती फुटायची ती हवा भरपूर असताना किंवा उतारावर. डिस्क ब्रेकवाल्यांची या झिजेतून सुटका आहे.

हब : छर्रे, कोन आणि आस

माउंटन बाइकचा जन्मच हबच्या ग्रीसमध्ये झाला, असं म्हटलं तर फार चुकीचं नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या उतारावर काही पोरं १९७६ च्या ऑक्टोबरपासून जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावायची. त्या सायकलींना ब्रेक मागच्या हबच्या आतच असायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा, की ग्रीसचा धूर व्हायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं रिपॅक.

आपल्या हबमध्ये ब्रेक नसतो, पण ग्रीसचं महत्त्व तेच. साध्या हबमध्ये कटोरी, कोन आणि सुटे छर्रे असतात. मागे प्रत्येक बाजूला साधारणतः पाव इंची ९ छर्रे, पुढे तीन-सोळांश इंची १०. हा प्रकार मुळीच कमी दर्जाचा नाही. छर्रे स्वस्त आहेत, ग्रीस स्वस्त आहे, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर उघडून साफ केलं की वर्षानुवर्षं चालतो. कोन फार घट्ट केला तर छर्रे कटोरीला खड्डे पाडतात, सैल ठेवला तर चाक लटपटतं. क्विक रिलीज असेल तर दांडी आवळल्यावर आस किंचित दबते, म्हणून मोकळ्या हबमध्ये अगदी नावापुरता खेळ ठेवायचा. दांडी बसली की तो नाहीसा होतो.

दुसरा प्रकार सीलबंद बेअरिंगचा. हे हब घेताना बेअरिंगचा नंबर विचारा. ६०००, ६००१, ६९०२ असे सर्वसाधारण नंबर असले तर शहरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जोडी मिळते. नंबरपुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. विचित्र मापाचं बेअरिंग असलेला हब कितीही सुळसुळीत फिरला तरी घेऊ नका. आणि सायकल मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगच्या फवाऱ्याने धुऊ नका, पाणी थेट सीलच्या आत जातं.

मागच्या हबची तिसरी गोष्ट म्हणजे आस. स्वस्त सायकलींत गिअरचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर आट्यांनी चढवलेला असतो. त्यामुळे उजवं बेअरिंग त्या गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतं आणि त्यापुढे आसचा तीन-चार सेंटीमीटर भाग आधाराशिवाय बाहेर येतो. कँटिलिव्हर बीम! उडी मारली, डबलसीट बसलात, की बेंडिंग मोमेंट तिथेच, आणि १० मि.मी.ची आस तिथेच वाकते. फ्रीहब प्रकारात बेअरिंग गठ्ठ्याच्या बाहेरच्या टोकाजवळ असतं, आधाराशिवायचं अंतर कमी, त्यामुळे आस वाचते. शिमानोने १९७८ साली असा फ्रीहब आणला. ओळखायची खूण अशी, की चाक स्थिर धरून गिअर उलटे फिरवा. मधली खाचांची रिंग गिअरबरोबर फिरली तर ती कॅसेट, म्हणजे फ्रीहब. जागेवर राहिली तर फ्रीव्हील. नव्या माउंटन बाइकमध्ये पुढे १५ आणि मागे १२ मि.मी.ची आरपार आस असते, ती याहून ताठ. पण ती बसायला फ्रेम आणि फोर्कही तशाच लागतात.

मापात फसू नका

रिमच्या भोकांची आणि हबच्या भोकांची संख्या सारखीच हवी. बहुतेकांना ३२ पुरतात, वजनदार मंडळींनी किंवा कॅरिअरवर सामान लादणाऱ्यांनी ३६ घ्यावीत. जुन्या इंग्लिश धाटणीच्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. दुधाचे कॅन वाहणाऱ्याला मागच्या चाकावर किती भार येतो, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

इंचांवर विश्वास ठेवू नका, टायरवरचा मि.मी.चा आकडा बघा. २६ इंची माउंटन बाइक म्हणजे ५५९, साडेसत्तावीस म्हणजे ५८४, एकोणतीस म्हणजे ६२२. काळ्या सायकलीचं अठ्ठावीस इंची चाक मात्र ६३५, म्हणजे एकोणतीसपेक्षा मोठं! गंमत आहे की नाही?

पैसे कुठे घालायचे?

खिशात मेसचं बिल भरून उरलेले पैसे असतील, तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी आहे तेच चाक चांगल्या कारागिराकडून सारख्या ताणाचं करून घ्या. रिम फुटकी किंवा कायमची वाकलेली नसेल, तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. दुसरं, टायर जाड घ्या आणि हवा नीट ठेवा. कमी हवेत खड्ड्याचा दणका थेट रिमच्या कडेला बसतो. तिसरं, तारा एकामागून एक तुटायला लागल्या तर एकेक बदलत बसू नका. बाकीच्यांनीही तेवढेच लाख फेरे खाल्लेत. सगळ्या तारा स्टेनलेसच्या नव्या घाला आणि त्याच वेळी डबल वॉल रिम टाका, मजुरी एकदाच पडेल. चौथं, आस पुन्हा पुन्हा वाकत असेल तर फ्रीहबचा विचार करा. हबच्या रंगाचा आणि स्टिकरचा विचार नोकरी लागल्यावर.

आमच्या प्राध्यापक मंडळींपैकी जे रोज सायकलने येतात, त्यांनाही हाच क्रम लागू आहे. आणि सगळ्यांनीच महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढा. चाक फिरवा, ब्रेकच्या रबराकडे बघून डोलतंय का ते पाहा. रिम धरून डावी-उजवीकडे हलवा, खेळ असेल तर कोन बघा. भिंतीवर पट्टी धरा. आणि तारा छेडा. पुढच्या चाकावर जास्त वेळ द्या. मागचं चाक बसलं तर आपण घसपटत थांबतो, पुढचं बसलं तर थेट तोंडावर पडतो.

चावी लहानशी असते, खिशात मावते. एखादी तार बेसूर लागली तर पाव फेरा द्या, पुन्हा ऐका. स्वर जुळत नसेल, तर उगाच जोर न लावता कोपऱ्यावरच्या मामांकडे जा, आणि ते काय करतात ते शेजारी उभं राहून बघा. एवढं शिकायला परीक्षा फी लागत नाही.